चौदा काठ्यांचा हिशेब

७ ऑगस्ट २०२१ च्या पहाटे आपल्याकडच्या कितीतरी घरांत पहिल्यांदाच टीव्हीवर गोल्फ लागलं होतं. टोकियो ऑलिंपिकची शेवटची फेरी चालू होती, अदिती अशोक पदकाच्या उंबरठ्यावर होती, आणि 'बर्डी' म्हणजे काय नि 'पार' म्हणजे काय हे आपण एकमेकांना विचारत होतो. शेवटच्या होलवर तिचा पट (हिरवळीवरून चेंडू होलमध्ये ढकलायचा फटका) थोडक्यात हुकला आणि ती चौथी आली. कांस्यपदक एका फटक्यानं गेलं. त्याच संध्याकाळी नीरज चोप्राच्या भाल्यानं सुवर्ण आणलं आणि सकाळचं गोल्फ मागं पडलं.

माझ्या डोक्यात मात्र त्या सकाळचा आईचा एक प्रश्न राहिला. अदितीची बॅग तिची आईच सांभाळत होती, कॅडी म्हणून. ते बघता बघता आई म्हणाली, "एवढ्या काठ्या कशाला लागतात गं? सचिन तर एकाच बॅटनं सगळे फटके मारायचा." तेव्हा मी काहीतरी थातुरमातुर सांगून वेळ मारून नेली. प्रश्न इतका नेमका होता, की त्याचं उत्तर नीट द्यायला हवं.

क्रिकेटमध्ये चेंडू वेगानं अंगावर येतो. बॅट कशी तिरकी धरायची, मनगट किती वळवायचं, हे फलंदाज त्या क्षणी ठरवतो. गोल्फचा चेंडू जमिनीवर गप्प पडलेला असतो. वेग, उंची, फिरकी सगळं त्याला आपणच द्यायचं. मग दर वेळी हात वेगळा फिरवण्यापेक्षा गोल्फपटू शक्यतो हाताची लय एकच ठेवतो आणि काठी बदलतो. माणूस तोच, लय तीच, पण एका काठीनं चेंडू अडीचशे मीटर जातो आणि दुसरीनं शंभर. आपल्या आज्यांच्या कोठीत शेर, अच्छेर, पावशेर, छटाक अशी मापं असायची, तशीच ही अंतराची मापं. मधलं एखादं माप नसेल, तर तेवढं हातानं अंदाजे घालावं लागतं, आणि व्यावसायिक खेळात अंदाज फार महाग पडतो.

(काठीला खेळाडू 'क्लब' म्हणतात, बोलताना 'स्टिक'ही म्हणतात. क्लब म्हटलं की आपल्याकडे जिमखाना डोळ्यापुढं येतो, म्हणून मी काठीच म्हणते.)

मापं किती ठेवायची यावर एके काळी बंधनच नव्हतं. १९३० च्या दशकात दांडे हिकरीच्या लाकडाऐवजी पोलादाचे झाले, एकसारख्या काठ्यांचे संच कारखान्यात बनू लागले आणि बॅगा फुगल्या. अमेरिकेचा लॉसन लिटल पंचवीस-तीस काठ्या घेऊन मैदानात उतरायचा. ते ओझं वाहणाऱ्या कॅडीचे हाल होत होते, आणि त्याहून मोठी अडचण म्हणजे कौशल्याची जागा सामान घेत होतं. अखेर अमेरिकेच्या गोल्फ संघटनेनं १९३८ पासून मर्यादा घातली: जास्तीत जास्त चौदा. पुढच्या वर्षी ब्रिटनच्या 'आर अँड ए' या गोल्फ संस्थेनंही तीच घातली. चौदापेक्षा कमी चालतात, पंधरावी चालत नाही.

पंधरावीची किंमत काय असते, ते २००१ सालच्या ब्रिटिश ओपनमध्ये जगानं बघितलं. इंग्लंडमधलं रॉयल लिदम अँड सेंट अ‍ॅन्स मैदान, शेवटचा दिवस. वेल्सचा इयन वुझनम संयुक्त आघाडीवर. पहिलंच होल पार-३, म्हणजे तीन फटक्यांत संपवायचं. त्यानं पहिला फटका असा मारला, की चेंडू होलपासून काही इंचांवर थांबला. दोन फटक्यांत काम झालं. दुसऱ्या होलच्या टीवर, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागी, पोचल्यावर कॅडीच्या लक्षात आलं, की बॅगेत दोन ड्रायव्हर (सगळ्यात लांब मारायच्या काठ्या) आहेत. सरावात दोन्ही वापरून बघितले होते आणि एक काढून ठेवायचा राहून गेला होता. पार-३ होलवर ड्रायव्हर बाहेर काढायची वेळच येत नाही, त्यामुळं पहिल्या होलवर कुणाला पत्ता लागला नाही. दंड दोन फटके. कमावलेले दोन कागदावर चार झाले. वुझनम शेवटी संयुक्त तिसरा आला. ते दोन फटके वाचले असते, तर तो एकटा दुसरा असता. फेरी सुरू व्हायच्या आधी बॅगेतल्या काठ्या बोटानं मोजायच्या, हे कॅडीचं पहिलं काम का असतं ते यावरून कळेल.

आता बॅगेतल्या मापांकडे येऊ. कुठल्याही काठीचा स्वभाव दोन गोष्टींवर ठरतो: दांडा किती लांब आणि डोक्याचा चेहरा किती मागं कललेला. या कलाला 'लॉफ्ट' म्हणतात. घराच्या छपराचा उतार आठवा. गच्चीची उभी भिंत म्हणजे शून्य अंश, आणि कौलं जितकी मागं झुकतील तितका लॉफ्ट जास्त. ड्रायव्हरचा चेहरा जवळजवळ उभा असतो, साधारण ९-१० अंश. सात नंबरच्या लोखंडी काठीचा सुमारे ३४ अंश, आणि सगळ्यात कललेल्या वेजचा (जवळच्या, उंच फटक्यांच्या काठीचा) ६०. कल जितका जास्त, तितका चेंडू वर चढतो, कमी लांब जातो आणि स्वतःभोवती उलटा जास्त फिरतो. ही उलटी फिरकीच चेंडूला हिरवळीवर उतरल्यावर ब्रेक लावते. अमेरिकेच्या पुरुष व्यावसायिकांची सरासरी बघा. ड्रायव्हरनं चेंडू हवेत सुमारे २७५ यार्ड जातो आणि मिनिटाला अडीच-तीन हजार फेरे घेतो. सात नंबरनं १७२ यार्ड आणि सात हजार फेरे. पिचिंग वेजनं १३६ यार्ड आणि नऊ हजारांच्या वर फेरे. म्हणून ड्रायव्हरचा चेंडू पडल्यावर पळत सुटतो आणि वेजचा जागच्या जागी थबकतो, कधी मागंसुद्धा येतो.

एक नेहमीची बॅग अशी भरते: एक ड्रायव्हर, त्याच्या खालोखाल दोन वुड किंवा हायब्रिड, चार ते नऊ नंबरच्या सहा लोखंडी काठ्या, चार वेज आणि एक पटर. झाल्या चौदा. शेजारशेजारच्या दोन काठ्यांत दहा-पंधरा यार्डांचा फरक राहील असं बघितलं जातं. हा फरक सगळीकडे सारखा राखणं हेच बॅग लावण्यातलं खरं डोकं. खेळाडू रडारच्या यंत्रापुढं तासन्‌तास फटके मारतात आणि एखाद्या काठीचा कल एका अंशानं वाकवून घेतात. तेवढ्यानं दोन-तीन यार्ड इकडचे तिकडे होतात.

ड्रायव्हर सगळ्यांच्या डोळ्यात भरतो. पण समजून घ्यायला तो त्या मानानं सोपा आहे. त्याचं डोकं आतून पोकळ असतं, बहुतेक वेळा टायटॅनियमचं, आणि ४६० घन सेंटिमीटरपेक्षा मोठं चालत नाही. म्हणजे अर्धा लिटरच्या पाण्याच्या बाटलीला थोडं कमी. चेहऱ्याचा पत्रा इतका पातळ असतो, की आघाताच्या वेळी तो किंचित आत दबून परत उसळतो आणि चेंडूला जास्तीचा रेटा देतो. किती उसळावं यालाही नियमानं लगाम आहे. मोठ्या स्पर्धांत २०२२ पासून त्याची लांबी ४६ इंचांवर रोखलेली आहे. त्याला आणि त्याच्या धाकट्या भावंडांना अजून 'वुड' म्हणतात, कारण पूर्वी ती डोकी खरंच लाकडाची असत. पर्सिमनचं लाकूड, म्हणजे आपल्या टेंभुर्णीच्याच कुळातलं झाड. १९७९ मध्ये टेलरमेड कंपनीनं पोलादाचं डोकं बाजारात आणलं आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत लाकूड गेलं. नाव तेवढं राहिलं.

पूर्वी बॅगेत दोन आणि तीन नंबरच्या लांब लोखंडी काठ्याही असायच्याच. त्या मारायला अवघड. डोकं बारीक, दांडा लांब, चेहरा उभा, जरा चुकलं की हात झिणझिणतो. आता त्यांच्या जागी हायब्रिड आलं. मागून फुगीर आणि तळाशी जड असल्यामुळं ते वुडसारखं चेंडूला सहज उचलतं आणि लोखंडी काठीसारखं नेम धरू देतं. टोकियोत अदितीच्या हातात आपण हेच बघत होतो. लांब फटक्यात ती त्या मैदानावरच्या सगळ्यात मागच्या खेळाडूंपैकी होती. बाकीच्या जणी हिरवळीवर यायला लोखंडी काठी काढायच्या, तिथं अदितीला वुड किंवा हायब्रिड काढावं लागायचं. तरी ती चार दिवस पदकाच्या जागेभोवती टिकून राहिली, कारण ती मापं तिच्या हातात पक्की बसली होती आणि पटर तर त्या आठवड्यात विलक्षण चालत होता. तिचा खेळ मला फार आवडतो तो यासाठी. ताकद कमी असेल तर बॅग कशी लावायची आणि तिच्यावर कसा विश्वास ठेवायचा, याचा तो धडा होता.

बॅग मैदान बघून बदलते, आणि मला यातलं सगळ्यात रंगतदार हेच वाटतं. फिल मिकलसननं २००६ ची मास्टर्स दोन ड्रायव्हर घेऊन जिंकली. एक जास्त लांब जाणारा आणि चेंडू एका बाजूला वळवणारा, दुसरा उलट बाजूला वळवणारा. त्यासाठी दुसऱ्या एका काठीला घरी ठेवावं लागलंच. सात वर्षांनी त्याच मिकलसननं स्कॉटलंडच्या म्युरफिल्डवर ब्रिटिश ओपन जिंकली, तेव्हा बॅगेत ड्रायव्हर नव्हताच. तिथली जमीन टणक होती, चेंडू पडून लांब घरंगळत होता, आणि लांबीपेक्षा वाळूचे खड्डे चुकवणं मोलाचं होतं. म्हणून तीन नंबरच्या वुडवर भागवलं आणि मोकळ्या झालेल्या जागी दुसरी उपयोगी काठी आली. २००६ मध्ये इंग्लंडच्या हॉयलेकवर टायगर वुड्सनं ७२ होलमध्ये ड्रायव्हर एकदाच मारला, बाकी बहुतेक दोन नंबरच्या लोखंडी काठीवर खेळला आणि जिंकला. तेव्हा चौदा म्हणजे चौदा जागा. एक माणूस आत आला की दुसऱ्यानं उठायचं.

वेजवर थोडं रेंगाळायला हवं, कारण बाहेरून एकसारख्या दिसणाऱ्या या तीन-चार काठ्यांत सगळ्यात जास्त बुद्धी ओतलेली आहे. विशेषतः सँड वेज, वाळूच्या खड्ड्यातून बाहेर काढणारी.

वाळूत शेतातलं फावडं जसं वागेल तशी साधी लोखंडी काठी वागते. धार आत घुसते, रुतते आणि चेंडू तिथंच. अमेरिकेचा जीन सॅराझन या दुखण्यावर उपाय शोधत होता. तो विमान चालवायला शिकत होता, आणि विमान वर चढताना शेपटीचा भाग खाली झुकतो हे बघून त्याला सुचलं, की काठीचा तळही तसाच मागून खाली झुकवला तर? त्यानं आपल्या निब्लिकच्या (जुन्या पद्धतीच्या, जास्त कललेल्या लोखंडी काठीच्या) तळाला शिसं आणि डाक चिकटवून कानशीनं घासून आकार दिला. १९३२ मध्ये इंग्लंडच्या प्रिन्सेस मैदानावर ही काठी घेऊन तो गेला आणि ब्रिटिश ओपन जिंकला. तशा काठ्या त्याच्या आधीही कुणी कुणी करून बघितल्या होत्या, पण रूढ झाली ती त्याच्या हातून.

त्या झुकलेल्या तळाला 'बाऊन्स' म्हणतात. काठीची पुढची धार वर आणि तळाचा मागचा भाग खाली, असं असलं की ती वाळूत घुसण्याऐवजी होडीच्या तळासारखी वाळू कापत सरकते. वाळूतल्या फटक्यात काठी चेंडूला लागतच नाही. ती चेंडूच्या दोन-एक इंच मागं वाळूत शिरते आणि वाळूचा एक थर उचलते. त्या थरावर बसून चेंडू बाहेर येतो. टीव्हीवर सावकाश केलेलं दृश्य मिळालं तर जरूर बघा, हे स्पष्ट दिसतं. वाळू भुसभुशीत असेल तर बाऊन्स जास्त लागतो. टणक किंवा ओली असेल तर कमी, नाहीतर काठी उसळून चेंडूच्या पोटावर आदळते. म्हणून व्यावसायिक खेळाडूच्या सामानात एकाच लॉफ्टच्या, पण वेगळ्या तळाच्या वेज असतात, आणि तो मैदानावर पोचून खड्ड्यात पाय रोवून वाळू बघितल्यावर कुठली न्यायची ते ठरवतो.

वेजच्या चेहऱ्यावरच्या खाचाही बघण्यासारख्या. लोकांना वाटतं त्या चेंडूला पकडतात. खरं काम टायरच्या नक्षीचं: गवताचा रस, पाणी, माती यांना निसटायला वाट देणं, म्हणजे चेंडू आणि धातू यांच्यात चिकट थर राहत नाही आणि फिरकी टिकते. उंच गवतातूनही भरपूर फिरकी मिळू लागली, तेव्हा २०१० पासून व्यावसायिकांसाठी या खाचांची खोली आणि धार कमी केली गेली. खाचा झिजतात म्हणून खेळाडू वेज वरचेवर बदलतात. आणि प्रत्येक फटक्यानंतर कॅडी ओल्या टॉवेलानं चेहरा का पुसतो, तेही यातच आलं. एका खाचेत माती राहिली तर पुढचा चेंडू हिरवळीवर थांबायचा तो पळत जातो.

पटर म्हणजे शेवटची काठी, आणि वापर सगळ्यात जास्त तिचाच. ७० फटक्यांच्या फेरीत २८-२९ तिचे. तिचं आजचं रूप एका इंजिनिअरनं दिलं. कार्स्टन सोलहाइम जनरल इलेक्ट्रिकमध्ये नोकरी करायचा आणि त्याचे पट हुकायचे. त्याच्या लक्षात आलं, की चेंडू पटरच्या बरोबर मध्यावर लागला नाही तर डोकं हातात गरकन फिरतं. उपाय त्यानं केला तो आपल्या कावडीसारखा. वजन मधून काढून दोन्ही टोकांना नेलं. खांद्यावरच्या कावडीला दोन्हीकडं भरल्या घागरी असल्या की ती सहजी गिरकी घेत नाही, तसंच. त्याच्या पहिल्या पटरमधून 'पिंग' असा आवाज यायचा, तेच कंपनीचं नाव झालं. १९६६ मध्ये आलेल्या 'अँसर'ची नक्कल आजही जवळजवळ प्रत्येक कंपनी करते. टोकांना वजन नेण्याची ही कल्पना पुढं लोखंडी काठ्यांत आणि ड्रायव्हरमध्येही गेली. पोटाला किंवा छातीला टेकवून पट मारण्याची पद्धत मात्र २०१६ पासून बंद झाली. लांब पटर चालतो, टेकवणं चालत नाही.

चेंडू लिंबाएवढा: व्यास ४२.६७ मिलिमीटरपेक्षा कमी नको, वजन ४५.९३ ग्रॅमपेक्षा जास्त नको. त्यावरचे तीन-चारशे खळगे शोभेचे नाहीत. गुळगुळीत चेंडूमागं हवेची मोठी पोकळी तयार होते आणि ती त्याला मागं ओढते. खळगे हवेला चेंडूच्या पाठीपर्यंत चिकटून ठेवतात, पोकळी लहान होते. गुळगुळीत चेंडू साधारण निम्म्याच अंतरावर पडेल. मोठ्या स्पर्धांत एका फेरीत एकाच बनावटीचा चेंडू वापरायचा असा नियम सहसा असतो, त्यामुळं बॅगेत तेच पुरेसे असावे लागतात. २००० सालच्या अमेरिकन ओपनमध्ये पेबल बीचवर टायगर वुड्सनं खोलीत पटिंगचा सराव करून चेंडू बॅगेत परत ठेवलेच नव्हते. दुसऱ्या फेरीच्या अठराव्या होलवर, डाव्या हाताला प्रशांत महासागर असताना, त्याचा चेंडू पाण्यात गेला. कॅडी स्टीव्ह विल्यम्सनं बॅगेत हात घातला तर एकच उरलेला. त्यानं वुड्सला काहीच सांगितलं नाही, फक्त ड्रायव्हरऐवजी लोखंडी काठी घे म्हणून आग्रह धरला. वुड्सनं ऐकलं नाही, ड्रायव्हरच मारला. चेंडू गवतावर पडला. ती स्पर्धा तो १५ फटक्यांनी जिंकला.

बाकीचे खिसे पटकन उघडते. चार-पाच हातमोजे (घामानं आणि पावसानं एक फेरीभर पुरत नाही), चेंडू टेकवायच्या लाकडी खुंट्या (त्यांनाही 'टी'च म्हणतात), चेंडू उचलताना जागेवर ठेवायचं नाणं, हिरवळीवरचा खड्डा भरायचा छोटा काटा, चेंडूवर खूण करायचं पेन, छत्री, रेनकोट, पाणी, केळी, सुकामेवा. आणि यार्डेज बुक, म्हणजे प्रत्येक होलचा नकाशा. मोठ्या व्यावसायिक स्पर्धांत अंतर मोजायचं लेझर बराच काळ चालतच नव्हतं, त्यामुळं अमुक झाडापासून हिरवळीच्या काठापर्यंत किती यार्ड, हे त्या वहीत लिहिलेलं असतं, शेजारी कॅडीच्या अक्षरातल्या नोंदी. भरलेली बॅग १८-२० किलोची होते. ती घेऊन आठ-दहा किलोमीटर चालायचं, चढउतारांवरून, खेळाडूच्या एक पाऊल पुढं पोचायचं.

आपल्याकडे हे ओझं कोण वाहतं, ते चेंबूरला बघायला मिळतं. बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लबच्या शेजारच्या वस्तीतली पोरं तिथं कॅडीचं काम करतात आणि घरी आल्यावर गल्लीत स्वतःचं गोल्फ खेळतात. बांधकामाची सळई वाकवून काठी, मुठीला रबराचा पाइप, प्लास्टिकचा चेंडू. दोन घरांमधली फूटभर वाट, वर पत्रे, खाली गटार. तिथं चौदा मापं नाहीत, सळई एकच. चेंडू पत्र्यावरून न्यायचा असेल तर मनगट मागं झुकवून काठीचा चेहरा उघडायचा, पत्र्याखालून काढायचा असेल तर तोच चेहरा मिटून घ्यायचा. लॉफ्ट म्हणजे काय हे त्यांनी पुस्तकात वाचलेलं नाही, हातानं शिकलंय. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कुणाची तरी वीस किलोची बॅग खांद्यावर टाकून ती पोरं पहिल्या टीवर उभी राहतात. साहेबानं काही बोलायच्या आत सात नंबर बाहेर काढून, चेहरा पुसून पुढं धरतात.